टॅबवर सगळे निरोप एका ठिकाणी: आई-बाबांना पत्र

ती. आई आणि बाबा,
सा. न.

व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम आणि मेसेंजर तिन्ही टॅबवर एकाच अ‍ॅपमध्ये कसे आणायचे, ते फोनवर सांगताना निम्मं राहून जातं. म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे. जोडायला बसाल तेव्हा टॅब आणि दोन्ही फोन चार्ज केलेले असू देत आणि हे पत्र शेजारी ठेवा.

आधी एक गोष्ट पक्की करा. यात खाती एकत्र होत नाहीत, निरोप तेवढे एका ठिकाणी दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं आज फोनमधल्या नंबरावर आहे, उद्याही तिथंच राहणार. टॅब म्हणजे त्या खात्याला जोडलेलं आणखी एक उपकरण. त्यामुळे टॅब बिघडला किंवा अ‍ॅप काढून टाकलं, तरी फोनमधलं काही जात नाही. मात्र टॅबवर केलेली गोष्ट खरी असते. तिथून निरोप वाचलात तर समोरच्याला निळ्या खुणा दिसतात, आणि ‘सर्वांसाठी’ पुसलात तर तो फोनवरूनही जातो.

अ‍ॅपचं नाव बीपर. २०२४ च्या एप्रिलमध्ये ते ऑटोमॅटिक कंपनीनं विकत घेतलं, म्हणजे वर्डप्रेस डॉट कॉम चालवणारी तीच कंपनी. सारख्या नावाची अ‍ॅप्स बरीच असतात, म्हणून प्ले स्टोअरमध्ये शोधत बसू नका. ब्राउझरमध्ये बीपर डॉट कॉम उघडा आणि तिथल्या दुव्यावरूनच स्टोअरमध्ये जा. मोफत योजना आहे, आपल्याला तीनच खाती जोडायची आहेत, त्यामुळे पैसे भरायचा पर्याय पुढे आला तरी सोडून द्या.

अ‍ॅप उघडल्यावर ते ईमेल विचारेल आणि त्या ईमेलवर एक कोड पाठवेल. तो घातलात की बीपरचं खातं तयार. यानंतर ‘रिकव्हरी कोड’ म्हणून अक्षरं-आकड्यांची लांब ओळ दाखवली जाईल, ती वहीत उतरवून घ्या. नवीन टॅबवर बीपर चालू करताना किंवा अ‍ॅप पुन्हा टाकताना जुने कुलूपबंद (म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचता न येणारे) निरोप उघडायला हीच ओळ लागते. ती बीपरकडे नसते, त्यामुळे हरवली तर त्यांना विचारून मिळत नाही. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि छोटा एल यांत गल्लत होते. लिहून झाल्यावर दोघांपैकी एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टॅबवर ताडून बघायचं. टॅबवर फोटो काढून ठेवण्यात अर्थ नाही, कारण टॅबच हातात नसेल तेव्हाच ही ओळ लागणार.

आता व्हॉट्सअ‍ॅप. बीपरच्या सेटिंगमध्ये खाती जोडायच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप निवडा. कुठं ‘ऑन-डिव्हाइस’ असा पर्याय विचारला तर तोच घ्या. पूर्वी अशा सेवांत निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरवर उलगडायचे आणि तिथून पुन्हा कुलूप लावून आपल्याकडे यायचे. ऑन-डिव्हाइसमध्ये टॅब थेट व्हॉट्सअ‍ॅपशी बोलतो, मधे कुणी निरोप उघडत नाही. घरातलं बोलणं घरातच राहावं यासाठी मला हा पर्याय महत्त्वाचा वाटतो.

टॅबवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड दिसेल. टॅब टेबलावर उभा करा, त्याचा उजेड पूर्ण वाढवा. आता फोन हातात घ्या. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये वर उजवीकडे तीन ठिपके, त्यात ‘लिंक्ड डिव्हायसेस’, मग हिरवं ‘लिंक अ डिव्हाइस’ बटण. फोन बोटाचा ठसा किंवा पिन मागेल, तो द्या. कॅमेरा सुरू झाला की फोन टॅबपासून वीतभर अंतरावर धरा आणि चौकोन पूर्ण चौकटीत येईपर्यंत फोन हळूच मागे न्या. बहुतेकदा फोन फार जवळ धरल्यानं किंवा टॅबच्या काचेवर दिव्याची चमक पडल्यानं कोड वाचला जात नाही. तो चौकोन थोड्या थोड्या वेळानं बदलतो. जुना झाला असेल तर टॅबवर नवीन मागवा.

कॅमेऱ्यानं जमतच नसेल तर दुसरी वाट आहे. फोनच्या त्याच पानावर तळाशी फोन नंबरनं जोडायचा पर्याय असतो. बीपरमध्येही तोच निवडून आपला नंबर घाला, देशाचा कोड धरून. टॅबवर आठ अक्षरांचा कोड येईल, तो फोनमध्ये टाइप करायचा. दिशा लक्षात ठेवा: कोड टॅबवर दिसतो आणि फोनमध्ये भरायचा असतो.

जोडल्यावर पहिली काही मिनिटं यादी अर्धवट दिसेल. मागचे निरोप फोनकडून हळूहळू येतात, तोवर फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडं ठेवा आणि दोन्हीकडे वायफाय चालू असू द्या. फार जुने निरोप आणि फोटो टॅबवर येतीलच असं नाही. ते फोनमध्ये असतातच.

टेलिग्रामचं तंत्र वेगळं आहे. तिथले निरोप त्यांच्याच सर्व्हरवर असतात, त्यामुळे टॅबला फोनवर अवलंबून राहावं लागत नाही. बीपरमध्ये नंबर दिला की कोड येतो, पण तो एसएमएसनं येईल म्हणून वाट बघत बसू नका. फोनमध्ये टेलिग्राम आधीपासून असेल तर कोड त्या अ‍ॅपमध्येच, ‘टेलिग्राम’ नावाच्या संभाषणात येतो. दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली असेल तर नंतर पासवर्डही मागेल. टेलिग्राममधली ‘सीक्रेट चॅट’ ज्या फोनवर सुरू केली त्याच फोनवर राहते, ती टॅबवर दिसणार नाही.

मेसेंजर फेसबुकच्या ईमेल आणि पासवर्डनं जोडलं जातं. नव्या ठिकाणाहून प्रवेश होतोय असं वाटून फेसबुक फोनवर विचारणा पाठवेल, तिथं ‘मीच आहे’ असं सांगा. २०२३ च्या डिसेंबरपासून मेसेंजरमधली खाजगी संभाषणं आपोआप कुलूपबंद होऊ लागली. जुनं बोलणं दिसण्यासाठी सहा आकडी पिन मागितला तर तो मेसेंजरचा पिन असतो, फोन उघडायचा नव्हे.

आणि एक जोडायचं नाही: फोनचे एसएमएस. बीपर ते जोडून देतं, पण बँकेचे ओटीपी एसएमएसनंच येतात. टॅब दिवसभर बाहेरच्या खोलीत उघडा पडलेला असतो. तिथं ओटीपी झळकावेत असं मला मुळीच वाटत नाही.

टॅब तुम्हा दोघांचा एकच आहे, त्याचाही विचार करायला हवा. दोघांची व्हॉट्सअ‍ॅप खाती एकाच बीपरमध्ये घालू नका. यादीत दोघांचे निरोप मिसळतात आणि आई, तू लिहिलेलं उत्तर बाबांच्या नावानं जायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘युजर्स’ किंवा ‘मल्टिपल युजर्स’ असा भाग असतो, तिथं दुसरा वापरकर्ता तयार करा. वरून पडदा खाली ओढला की छोटं गोल चित्र दिसतं, त्यावर टिचकी मारून अदलाबदल करता येते. दोघांचं बीपर, दोघांचं कुलूप वेगळं. आई वापरत असताना बाबांना सूचना वेळेवर मिळतीलच असं नाही, पण फोन खिशात असतोच.

जोडून झाल्यावर तीन सेटिंग करा, यांवाचून काही दिवसांत ‘टॅबवर निरोपच येत नाहीत’ ही तक्रार हमखास येते.

पहिलं बॅटरीचं. सेटिंग, अ‍ॅप्स, बीपर, बॅटरी, आणि तिथं ‘अनरिस्ट्रिक्टेड’. असं न केल्यास टॅब चार्ज वाचवायला बीपरला झोपवतो. मग निरोप अ‍ॅप उघडल्यावरच धडाधड येऊन पडतात. ऑन-डिव्हाइस जोडणीत हे जास्त जाणवतं, कारण निरोप आणायचं काम टॅबच करत असतो.

दुसरं सूचनांचं. टॅबवर टेलिग्राम किंवा मेसेंजरचं स्वतंत्र अ‍ॅप आधीपासून असेल तर प्रत्येक निरोप दोनदा वाजेल. स्वतंत्र अ‍ॅप काढू नका, त्याच्या सूचना तेवढ्या बंद करा. काढू नका म्हणते ते कॉलसाठी. बीपर निरोपांसाठी आहे. व्हॉट्सअ‍ॅप किंवा मेसेंजरचा व्हिडिओ कॉल घ्यायचा-करायचा तो मूळ अ‍ॅपमधूनच. ‘एकदाच पाहा’ म्हणून पाठवलेला फोटो मात्र फोनवरच उघडा.

तिसरं, फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेणं बंद ठेवा. मोठ्या समूहांतले व्हिडिओ टॅबची जागा बघता बघता खातात, आणि जागा संपली की टॅब मंदावतो, अ‍ॅप मधेच बंद पडू लागतं.

बाबा, अक्षरं मोठी करायची असतील तर ती बीपरमध्ये न करता टॅबच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये करा, म्हणजे सगळीकडे मोठी होतील. टॅब आडवा धरला की डावीकडे यादी आणि उजवीकडे संभाषण दिसतं. आई, तुला टाइप करायचा कंटाळा येतो तर कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोड आणि माइकच्या खुणेवर बोट ठेवून बोल. पाठवण्याआधी एकदा वाचून घे, नावं हमखास चुकीची उमटतात.

रोज वापरताना नजर एका जागी ठेवा: प्रत्येक संभाषणाच्या चित्राजवळ ते कुठल्या सेवेतलं आहे त्याची बारीक खूण असते. एकच माणूस व्हॉट्सअ‍ॅपवरही आणि टेलिग्रामवरही असेल तर त्याच्या दोन वेगळ्या ओळी दिसतात. निरोप ज्या ओळीत आला त्याच ओळीत उत्तर द्या, म्हणजे ते त्याच वाटेनं परत जातं.

व्हॉट्सअ‍ॅप टॅबवरून अचानक गायब झालं तर घाबरू नका. फोनवर १४ दिवस व्हॉट्सअ‍ॅप उघडलंच नाही तर जोडलेली सगळी उपकरणं आपोआप तुटतात. फोन बदलून नव्या फोनवर खातं सुरू केलं तरी तेच होतं. अशा वेळी पुन्हा चौकोन वाचून जोडायचं. फोनशिवाय जास्तीत जास्त चार उपकरणं जोडता येतात, त्यामुळे ‘जागा नाही’ असं म्हणालं तर जुनं एखादं काढा. जोडताना सारखी चूक दाखवत असेल तर टॅबची तारीख-वेळ बघा, ती आपोआप घेण्यावर ठेवलेली असू दे.

बीपर ही व्हॉट्सअ‍ॅपची किंवा फेसबुकची अधिकृत सोय नाही, हे सांगणं भाग आहे. दुसऱ्या अ‍ॅपमधून खातं चालवणं व्हॉट्सअ‍ॅपच्या नियमांत बसत नाही. खातं तात्पुरतं अडवलं जाण्याची शक्यता थोडी का होईना असते. म्हणून एकच मजकूर पन्नास जणांना पाठवणं, धडाधड समूहांत टाकणं असलं काही बीपरमधून करू नका, नियमाची यंत्रणा त्यावरच बोट ठेवते. शिवाय अशा सेवा कायमच्या नसतात. २००० साली ट्रिलियन निघालं, २००५ साली मीबो आलं. दोन्हींत याहू, एमएसएन वगैरे तेव्हाच्या निरोपांच्या सेवा एकत्र चालायच्या. मीबो २०१२ मध्ये गुगलनं घेतलं आणि बंद झालं. इमो या अ‍ॅपनं २०१४ मध्ये बाहेरची खाती जोडणं थांबवलं. याहू मेसेंजर तर १७ जुलै २०१८ ला स्वतःच मिटला. बीपरनंच २०२३ च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅपलच्या आयमेसेजसाठी काढलेली वाट अ‍ॅपलनं काही दिवसांत बंद केली. यासाठी मूळ अ‍ॅप्स फोनमध्ये असू देत आणि त्यांचे पासवर्ड त्याच वहीत लिहून ठेवा.

आता फसवणुकीचं, हे दोघंही वाचा. टॅब जोडायला जो चौकोन किंवा आठ अक्षरी कोड वापरलात, तोच चोरही वापरतात. ‘तुमचा फोटो बघा’, ‘मतदान करा’ असा दुवा ओळखीच्या नंबरावरूनही येतो, एखादं पान उघडतं आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अमुक कोड भरा म्हणतं. तो भरलात की चोराचं यंत्र तुमच्या खात्याला जोडलं जातं आणि तो तुमच्या नावानं पैसे मागतो. तुमच्या समोर तुमचाच टॅब नसताना कोणताही कोड भरायचा नाही, कोणताही चौकोन वाचायचा नाही. एसएमएसनं येणारा सहा आकडी कोडही कुणाला सांगायचा नाही, मागणारा माझं नाव घेत असेल तरी. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी आजच लावून टाका.

टॅब हरवला तर बीपरच्या मागे लागण्याआधी फोन उघडा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’वर जाऊन त्या उपकरणावर टिचकी मारा आणि ‘लॉग आउट’ करा. टेलिग्राममध्ये सेटिंग, ‘डिव्हायसेस’, आणि ते सत्र संपवा. फेसबुकचा पासवर्ड बदला. पाच मिनिटांचं काम आहे.

जोडणी झाली की ‘लिंक्ड डिव्हायसेस’चं पान उघडून प्रत्येक ओळीखाली शेवटची सक्रिय वेळ काय लिहिली आहे ते मला फोनवर वाचून दाखवा. टॅबची ओळ सोडून दुसरी एखादी अनोळखी ओळ ताजी वेळ दाखवत असेल तर ती आपण लगेच काढू.

तुमची,
लेक