बिंदू ठेवण्याआधी

चि. सई,

आकार मोजण्यासाठी मधमाश्यांच्या पंखांवर, शिरांच्या जोडांवर, बिंदू ठेवून तुझे डोळे दुखायला लागलेत. हे काम उद्या यंत्रच करणार असेल तर मी ते कशाला शिकू, असं तू विचारलंस. दोन दिवस तोच प्रश्न माझ्या डोक्यात आहे.

मी शिकत होते तेव्हा आमच्या हातात व्हर्नियर कॅलिपर असायचा. माशाची लांबी, उंची, डोळ्याचा व्यास. तक्तेच्या तक्ते भरायचे, पण त्या आकड्यांवरून मासा पुन्हा काढून दाखव म्हटलं तर जमायचं नाही. ही उंची नेमकी कुठली, तेच हरवलेलं असायचं. जीवशास्त्रज्ञ डार्सी थॉम्पसन यांनी १९१७ मध्ये डायोडॉन मासा चौकटींच्या जाळीवर काढला, जाळी ताणली, वाकवली, आणि समोर सनफिश उभा राहिला! ती चित्रं मी तासन्‌तास बघत बसायचे. पण तो बदल मोजायचा कसा? त्यासाठी सत्तर वर्षं जावी लागली. १९८९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ बुकस्टाइन यांनी पातळ पत्रा वाकवण्याचं गणित वापरलं आणि त्या जाळीला आकडे मिळाले.

आपण मराठीत ‘आकार’ म्हणतो तेव्हा लहानमोठेपणाही त्यातच धरतो. संख्याशास्त्रज्ञ केंडॉल यांनी तो वेगळा काढला. जागा, आकारमान आणि फिरवलेली दिशा काढून टाकल्यावर जे उरतं, तो आकार. सगळ्या पंखांचे बिंदू एकमेकांवर बसवणारी जी प्रोक्रस्टीझ जुळणी तू रोज करतेस, ती म्हणजे हेच.

आता सीटी स्कॅनवर आपोआप बिंदू ठेवता येतात. मला त्याचा मनापासून आनंद आहे, कारण माझ्या पिढीला जे नमुने कधीच मोजून झाले नसते, ते तुझ्या हातून होतील. पण शिरांचा हा जोड आणि दुसऱ्या जातीच्या पंखावरचा तो जोड एकच आहे, हे कोण ठरवणार? तो प्रश्न गणिताचा नाही. पंख कसा घडतो आणि पूर्वजांकडून काय आलं, हे ज्याला कळतं त्याचा आहे. तिथे चुकलं तर पुढचं सगळं गणित बिनचूक येऊनही उत्तर चुकीचंच. यंत्रालासुद्धा बहुतेक वेळा माणसाने आधी ठेवलेले बिंदूच दाखवून शिकवतात.

म्हणून एक कर. आधी मोजलेल्यांतले वीस पंख पुढच्या आठवड्यात पुन्हा घे, जुने बिंदू न बघता. दोन्ही वेळच्या बिंदूंत कुठे जास्त फरक पडला, ते मला कळव.

तुझी,
आई