मशीन बंद पडलं तरी प्रवासी खाली उतरवला नाही साहेब : एका रिटायर कंडक्टरचं खुलं पत्र

मा. मंत्रीसाहेब,

सप्रेम नमस्कार. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाती बदलत राहतात, आणि माझं काम नेमकं कुठल्या खात्यात अडकलंय हे दोन महिन्यात मला एकानेही सांगितलेलं नाही. नातवाच्या मोबाईलमध्ये बोलून हे टाईप करतोय, शुद्धलेखन चुकलं तर समजून घ्या.

मी एसटीत 33 वर्षं कंडक्टर होतो. आता वय 72. ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या 1995 च्या योजनेची पेन्शन आहे, महिना 2,400 रुपये. माझ्यापेक्षा वाईट अवस्थेतले लोक आहेत हे मला माहितीय, किमान पेन्शन सप्टेंबर 2014 मध्ये 1,000 रुपये ठरली आणि त्यानंतर तेल, डाळ, औषधं कुठल्या कुठे गेली. पण माझे 2,400 सुद्धा दोन महिने बंद आहेत, कारण हयातीचा दाखला होत नाही, आणि दाखला होत नाही कारण माझा अंगठा उठत नाही.

सोमवारचं सांगतो. सकाळी 8 ला सेवा केंद्राच्या दारात जाऊन बसलो, नंबर लागला साडेबाराला. तिथली मुलगी चांगली होती हो, तिला बोल लावणार नाही, काका काका करत तिने दहाच्या दहा बोटं दोन दोनदा लावून बघितली, हात धुवून यायला लावलं, रुमालाने पुसलं, शेवटी स्वतःच्या पर्समधलं क्रीम लावलं. नाही उठला. 33 वर्षं चिल्लर मोजून आणि तिकिटं फाडून ज्या बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत त्यांनी आता कुठल्या रेषा दाखवायच्या? मग म्हणाली चेहऱ्याने करू, त्याला एक सोडून दोन ॲप लागतात, मोबाईल समोर धरला आणि म्हणाली काका डोळे मिचकवा. माझं डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पापणी नीट पडत नाही, मी आपला मिचकवतोय मिचकवतोय आणि मागे लाईनीतली माणसं बघतायत. तिसऱ्या वेळेला सर्व्हर गेला. बुबुळाचं मशीन असतं म्हणे, ते त्या केंद्रात नाही.

तिथून बँकेत गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी मला बघितल्या बघितल्या विचारलं, "काय कंडक्टर, तब्येत बरी का?" चौदा वर्षं ओळखतात मला. मी म्हटलं साहेब तब्येत बरी आहे, तेवढं कागदावर लिहून द्या. तर म्हणाले, मला तो अधिकार नाही, सिस्टीम घेत नाही. माणूस माझ्याशी बोलतोय, माझी तब्येत विचारतोय, आणि मी जिवंत आहे एवढं लिहायचा अधिकार त्याला नाही! आमची ही बाहेर कट्ट्यावर डबा घेऊन बसली होती, तिला काय सांगू हेच कळेना. घरी जाईपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

10 नोव्हेंबर 2014 ला जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, सुरू झालं तेव्हा मी टीव्हीवर बघितलं होतं. आता पेन्शनरांना दाखल्यासाठी हेलपाटे मारायला नकोत, घरबसल्या काम होणार, असं सांगितलं होतं. मला खरंच आनंद झाला होता साहेब. तुमच्या त्या घरबसल्यापायी मी दोन महिन्यात अकरा फेऱ्या मारल्यात.

आणि म्हाताऱ्यांना शिकायचंच नसतं हे मला कोणी ऐकवू नका. रिटायर व्हायला तीनेक वर्षं राहिली होती तेव्हा डेपोत तिकिटाचं मशीन आलं. जन्मभर पेटी, पंच आणि वेबिल म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, यावर काम केलेली आम्ही माणसं, पहिल्या आठवड्यात घाम फुटला होता. पण एका तरुण कंडक्टरने चार दिवस शेजारी बसून शिकवलं, न चिडता, तेच तेच परत विचारलं तरी. महिन्याभरात मी डोळे झाकून टप्पे टाकायला लागलो. मशीनशी माझं वाकडं नाही. पण त्या मशीनबरोबर कागदी तिकिटांची पेटीपण दिलेली असायची. मशीन बंद पडलं की पेटी उघडायची, पंच मारायचा, गाडी चालू. बॅटरी संपली म्हणून भर पावसात एखाद्या म्हातारीला घाटात खाली उतरवली असती तर मला सस्पेंड केलं असतं, आणि बरोबर केलं असतं. आज तुम्ही कोणाला सस्पेंड करता?

मोबाईलचं तर विचारूच नका. आधारला जोडलेला माझा नंबर मी आजारी असताना रिचार्ज न केल्याने बंद पडला, पुढे तो कंपनीने दुसऱ्याच कोणालातरी देऊन टाकला, म्हणजे माझा ओटीपी आता कुठल्यातरी अनोळखी माणसाला जातो. तो बदलायचा तर परत केंद्र, परत अंगठा. यांचा महिना 28 दिवसांचा, वर्षाला 13 रिचार्ज, पेन्शन मात्र 12 वेळाच. साध्या फोनवरून पैसे पाठवायची सोय मार्च 2022 मध्ये काढलीत, यूपीआय 123पे, मी बँकेत विचारलं तर तिथल्या पोराने माझ्याकडूनच नाव ऐकलं. 70 च्या वरच्या ग्राहकांना घरी येऊन सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने 9 नोव्हेंबर 2017 ला सगळ्या बँकांना सांगितलंय, आमच्याकडे म्हणतात स्टाफ नाही. सुप्रीम कोर्टाने 30 एप्रिल 2025 ला सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ती केस दृष्टिहीनांची आणि ॲसिड हल्ल्यात चेहरा गेलेल्यांची होती, तिथेही प्रश्न हाच होता, कॅमेऱ्यापुढे पापणी हलवायचा. म्हणजे हे कोर्टाला समजलं. ऑफिसला कधी समजणार?

बरं, घरी येणं जमत नाही असंही नाही. 2024 च्या लोकसभेला आमच्या गल्लीतल्या 88 वर्षांच्या आजींचं मत घ्यायला घरी माणसं आली होती, अधिकारी, पोलीस, व्हिडिओवाला, सगळा लवाजमा. मला ते मनापासून आवडलं होतं. पण त्याच आजींच्या रेशनच्या केवायसीला त्यांच्या मुलाने त्यांना खुर्चीत बसवून, दोघांनी उचलून दुकानात नेलं. मतासाठी तुम्ही येता आणि धान्यासाठी आम्ही यायचं, हा हिशोब कुठल्या वेबिलात बसतो? 2011 च्या जनगणनेत साठीच्या वरचे लोक देशात 10 कोटींच्या पुढे होते, आता किती झाले असतील तुम्हीच बघा. यातल्या किती जणांची बोटं शेतात, भट्टीवर, भांडी घासून गेलीत, हे तुमच्या ऑफिसात कोणी विचारतं का? फॉर्ममध्ये जागा नाही म्हणजे तो माणूसच नाही अशी रीत पडलीय. आधी कागदासाठी फिरवायचे, आता कागद आहे तर सिस्टीमसाठी फिरवतात. आमची लाईन तेवढीच आहे, फक्त खिडकीच्या आत आता माणूस सापडत नाही.

मागणी एकच आहे. अंगठा आणि चेहरा दोन्ही फेल गेलं तर बँकेचा मॅनेजर, पोस्टमास्तर, तलाठी, यातल्या कोणीही समोर बघून सही करावी, ती सही सिस्टीमने त्याच दिवशी घ्यावी, आणि तोपर्यंत पेन्शन थांबवू नये. खोटी सही केली तर करणाऱ्यावर कारवाई करा, आमच्या वेबिलात दहा रुपये कमी आले तरी आमच्यावर होत होतीच.

मला परत येत्या सोमवारी बोलावलंय. सव्वासातच्या गाडीने जाणार आहे, ही बरोबर असेल. तुमच्या ऑफिसातलं कोणी त्या दिवशी केंद्रावर आलं तर मी बाहेरच्या बाकड्यावरच सापडेन.

आपला,
एक रिटायर कंडक्टर