खोके नवे, साचा कधीचा?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत प्लॅस्टिकच्या मॉडेल गाड्या जुळवण्याच्या छंदावर आलेला लेख वाचून आनंद झाला, कारण नाशिकमध्ये हा छंद जोपासणारे आम्ही मोजकेच आहोत आणि आमची दखल क्वचितच कोणी घेतो. मात्र जुन्या अमेरिकन गाड्यांचे संच आता नव्या तंत्राने पुन्हा तयार होत आहेत, असे जे त्या लेखात म्हटले आहे, ते बहुतेक संचांच्या बाबतीत बरोबर नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षे प्लॅस्टिकचे मोल्ड (साचे) बनवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेल्यामुळे, आणि तेवढीच वर्षे हे संच जमवत आल्यामुळे, दुरुस्ती सुचवण्याचा थोडासा अधिकार मला असावा असे वाटते.

रीइश्यू म्हणजे सहसा जुन्याच पोलादी मोल्डमधून पुन्हा काढलेला माल. नवे असते ते खोके, डिकॅल्सचा (गाडीवर चिकटवायच्या छापील चित्रांचा) कागद, आणि कंपनीने मनावर घेतले तर टायर. मिशिगनमधल्या एएमटी कंपनीने 1958 मध्ये 'थ्री-इन-वन' संच आणले. एकाच खोक्यातून गाडी मूळ रूपात, सजवलेल्या रूपात किंवा शर्यतीच्या रूपात जुळवता येई. त्याच सुमारास डेट्रॉइटचे मोटार कारखाने आपल्या नव्या गाड्यांची छोटी प्रतिरूपे विक्रेत्यांसाठी अशाच मॉडेल कंपन्यांकडून करून घेत असत. दरवर्षी गाडीची जाळी, दिवे, मागचे पंख बदलत, आणि दरवर्षी नवा मोल्ड परवडत नसल्यामुळे गेल्या वर्षीचाच मोल्ड कापून, भरून नव्या वर्षाचा केला जाई.

इथेच खरी गोम आहे. मोल्डमधले पोलाद कापले की प्लॅस्टिकच्या भागावर तेवढी भर पडते, आणि ते काम सोपे असते. पण भागावरची एखादी गोष्ट काढून टाकायची तर मोल्डमध्ये धातू भरावा लागतो, म्हणजे वेल्डिंग, पुन्हा घासणे, पुन्हा पॉलिश, आणि एवढे करूनही त्या जागेचा डाग पुढे मोल्डमधून निघणाऱ्या प्रत्येक नगावर उमटू शकतो. म्हणून एखाद्या वर्षीचा मोल्ड पुढच्या वर्षाचा झाला, नंतर कोणीतरी त्याच्या बॉनेटवर शर्यतीचा फुगवटा कोरला, चाकांवरच्या कमानी रुंद केल्या, की मूळ गाडी त्या पोलादातून कायमची गेली असे समजावे. अनेक गाड्या वाट्टेल ती किंमत मोजायची तयारी असूनही रीइश्यूमध्ये येत नाहीत, त्याचे कारण बहुधा एवढेच असते. हल्ली काही कंपन्या जुना, न जुळवलेला संच मोजून त्यावरून नवा मोल्ड पाडतात. तो खरोखर नवा असतो आणि आपल्या लेखकाचे विधान त्यालाच लागू पडते, पण अशा संचांची संख्या कमी आहे.

मागच्या वर्षी साठच्या दशकातल्या एका गाडीचा संच मी ऑनलाइन मागवला. विक्रेत्याने तो 'नवीन' म्हणून दिला होता आणि टपालखर्च धरून चार हजारांच्या आसपास रुपये गेले. खोक्यावर शोरूममधून निघाल्यासारखी मूळ गाडी रंगवलेली होती. आतल्या बॉडीच्या बॉनेटवर मात्र हवेच्या झरोक्यांच्या दोन रांगा होत्या, ज्या त्या गाडीला कारखान्यात कधीच नव्हत्या. मोल्ड मधल्या काळात शर्यतीच्या गाडीसाठी कापला गेला होता. छपराच्या मागच्या खांबाजवळ फ्लॅशची (मोल्डच्या फटीतून बाहेर आलेल्या जादा प्लॅस्टिकची) अशी पातळ झालर होती की नखाने सोलून निघावी. दाराच्या खालच्या अंगाला दोन सिंक मार्क (प्लॅस्टिक थंड होताना पडलेले खळगे) होते, कारण आतल्या बाजूला तिथेच जाड खुंट्या आहेत. विक्रेत्याने परत घेण्यास नकार दिला. झरोके पुट्टीने भरून, घासून, त्यावर दोनदा प्रायमर मारला, तरी तिरप्या उजेडात ते अजून दिसतात. एवढे सोसूनही गाडीचे प्रमाण चांगले आहे, छपराचा बाक अगदी बरोबर उतरला आहे, हे मान्य केले पाहिजे. तो बाक 1960 च्या दशकात कोण्या कारागिराने लाकडी नमुन्यावर हाताने काढला होता आणि आजचे संगणकावर काढलेले काही संच तिथेच फसतात.

म्हणून संचाचे परीक्षण करताना खोक्यावरच्या चित्राचे कौतुक थोडे कमी करून व्हर्नियर (बारीक मोजमापाचे साधन) हातात घ्यावा. 1957 च्या शेव्हरोले बेल एअरच्या पुढच्या-मागच्या आसांमधले अंतर 115 इंच, म्हणजे 2921 मिलिमीटर. 1/25 प्रमाणात ते 116.8 मिलिमीटर भरले पाहिजे आणि 1/24 मध्ये 121.7. नुसत्या डोळ्यांना चार-पाच मिलिमीटरचा हा फरक कळत नाही, पण दोन्ही प्रमाणांतल्या गाड्या एका फळीवर शेजारी ठेवल्या की लगेच खटकतो. त्यानंतर बॉडीवरच्या पार्टिंग लाइन, म्हणजे मोल्डचे भाग जुळतात तिथे उमटणाऱ्या रेघा, पाहाव्यात. अखंड बॉडीचा मोल्ड बाजूंनी सरकणाऱ्या भागांचा असतो, त्यामुळे मडगार्डच्या कडेने एक बारीक रेघ जातेच. ती रेघ म्हणजे दोष नव्हे. मात्र रेघेच्या जागी पायरी जाणवली तर मोल्डचे भाग आता नीट बसत नाहीत असे समजावे. इंजिनाच्या ठोकळ्यातून आरपार भोक गेले असेल आणि त्यातून पुढच्या चाकांची तार ओवायची असेल, तर खोके कितीही चकचकीत असो, मोल्ड जुनाच आहे. टायरही पाहावेत. मऊ व्हिनाइलचे टायर बॉडीला टेकून एकाच पिशवीत वर्षानुवर्षे राहिले, की त्यातला मऊपणा आणणारा द्रव बॉडीच्या पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकला खातो आणि छपरावर टायरचा ठसा कायमचा उमटतो. पिवळी पडलेली डिकॅल्स मात्र घाबरण्यासारखी नसतात. आमच्या सिडकोतल्या घराच्या दक्षिणेकडच्या खिडकीच्या काचेला ती दोन-तीन आठवडे चिकटवून ठेवली की कागद बराच उजळतो (पावसाळा सोडून, श्रावणात नाशिकला ऊनच नसते).

मोल्ड कोणाकोणाच्या हातून गेला, हेही परीक्षणात आले पाहिजे. एएमटी 1978 मध्ये ब्रिटनच्या लेस्नी कंपनीकडे गेली आणि पुढे 1980 च्या दशकात अर्टल या अमेरिकन कंपनीकडे. एमपीसी या दुसऱ्या अमेरिकन मॉडेल कंपनीचे मोल्डही त्याच दशकात अर्टलकडे आले. आज ही दोन्ही नावे इंडियाना राज्यातल्या राउंड टू या कंपनीकडे आहेत. रेव्हेल आणि मोनोग्राम या आणखी दोन अमेरिकन मॉडेल कंपन्या 1986 मध्ये एकत्र झाल्या, तर 2018 मध्ये मालक कंपनीचे दिवाळे निघाल्यावर रेव्हेल जर्मन गुंतवणूकदारांकडे गेली. दर स्थलांतरात टनावारी पोलाद एका गोदामातून दुसऱ्या गोदामात जाते, गंजते, एखादा इन्सर्ट (मोल्डमध्ये बसवायचा सुटा तुकडा) हरवतो. आमच्या टूलरूममध्ये ग्रीस न लावता एक पावसाळा ठेवलेला मोल्ड पुढे कसा निघतो, ते अंबडच्या कोणत्याही फिटरला विचारावे.

सगळ्याच कंपन्या लपवाछपवी करतात असे नाही. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने आपले जुने मोल्ड 'व्हिंटेज क्लासिक्स' अशा वेगळ्या मालिकेत काढले आहेत, त्यामुळे घेणाऱ्याला खोके हातात धरताच काय मिळणार ते कळते. जपानच्या तामिया कंपनीने 1967 साली काढलेली 1/12 प्रमाणातली होंडा आरए 273 शर्यतीची गाडी नंतर धातूच्या कोरीव पातळ पट्ट्या जोडून पुन्हा आणली; त्यात जुने काय आणि वाढवलेले काय, हे स्पष्ट आहे. रीइश्यूला माझा विरोध नाही. उलट जुना, सीलबंद संच कपाटात ठेवून भाव वाढण्याची वाट पाहणारे आमच्यातले काही स्नेही रीइश्यू आला की हळहळतात, त्यांच्याशी माझे कधीच पटलेले नाही. संच हा जुळवण्यासाठी असतो आणि रीइश्यूमुळेच तो कॉलेजातल्या मुलाच्या आवाक्यात येतो. त्या मुलाला आपण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा मोल्ड विकत घेत आहोत हे आधी कळावे, एवढेच माझे म्हणणे आहे. कळले तर तो पुट्टी आणि बारीक सँडपेपर सोबतच आणेल. न कळले तर पहिल्याच संचाला वैतागून छंद सोडेल, आणि अशी दोन मुले मी पाहिली आहेत.

आपल्या पुरवणीत पुढच्या भागात निवडक संचांची यादी देणार असल्याचे लेखाच्या शेवटी म्हटले आहे. त्या यादीत किमतीच्या शेजारी आणखी दोन रकाने असावेत, अशी विनंती आहे: मोल्ड प्रथम कोणत्या साली बनला, आणि या खेपेला त्यात नवीन काय आहे. जिथे साल ठाऊक नसेल तिथे रकाना कोरा ठेवला तरी चालेल, पण 'नवीन' असे छापू नये.

— एक निवृत्त टूलमेकर, सिडको, नाशिक