क्रीडामंत्री साहेब, मॅटच्या आधी आमच्या लेकरांना वर्षाचा प्लॅन द्या

मा. क्रीडामंत्री साहेब,
नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात लेकरांना तायक्वांदो शिकवतो. आजूबाजूच्या तालुक्यांत ज्युदो, कराटे शिकवणारे मित्र आहेत, त्यांच्याशी बोलूनच हे लिहायलोय. मागणी पैशाची कमी अन् पद्धतीची जास्त आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आमच्याकडं ट्रेनिंग कसं चालतं ते आधी सांगतो. शालेय स्पर्धेचं परिपत्रक आलं की धावपळ सुरू होते, पंधरा-वीस दिवस सकाळ-संध्याकाळ नुसत्या किका मारून घ्यायच्या, जिल्हा झाला, विभाग झाला, पोरगं हरलं की पुढच्या परिपत्रकापर्यंत सगळं बंद. मधल्या काळात बेल्टच्या परीक्षा तेवढ्या होतात. बहुतेक ठिकाणी रोज पाच किलोमीटर पळवलं की स्टॅमिना झाला असंच समजतात. पण तायक्वांदोची फाइट म्हणजे दोन मिनिटांचा राउंड, मध्ये एक मिनिट विश्रांती, अन् दोन राउंड जिंकेल तो विजेता. इथं लागतो झटक्याचा जोर, अन् त्या एका मिनिटात दम परत भरून येणं. ते रस्त्यावर संथ पळून येत नाही, त्याची वेगळी तयारी महिनोन् महिने करावी लागते. आधी अंगात ताकद अन् लवचिकता, मग टेक्निक, मग स्पारिंग म्हणजे जोडीदाराबरोबर सरावाची फाइट, अन् स्पर्धेच्या आधीचे आठ-दहा दिवस सराव कमी करायचा, वेग तेवढा टिकवायचा. आपल्याकडं नेमकं उलटं होतं, शेवटच्या आठवड्यात लेकरांना सगळ्यात जास्त दमवतात अन् ती थकलेल्या पायानं मॅटवर उतरतात.

बरं, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्लॅन जसाच्या तसा आणून इथं चालणार नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा चाळीशीच्या वर असतो, पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारी उभंबी राहवत नाही, म्हणजे जो काय सराव तो पहाटेच. अन् दिवाळीच्या आसपास ऊसतोड सुरू झाली की किती तरी लेकरं आईबापाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात ती मार्च-एप्रिललाच परत येतात. अशा लेकराला फडावर असताना मॅटशिवाय, साहित्याशिवाय रोज अर्धा तास काय करायचं हे लिहून दिलेलं पाहिजे, अन् परत आल्यावर त्याला एकदम बाकीच्यांबरोबर जुंपायचं नाही हेही. मराठवाड्यासाठी प्लॅन करायचा तर तो कारखान्याचा हंगाम समोर ठेवूनच करावा लागेल.

आता सगळ्यात काळजीचं. वजन उतरवणं. तेरा-चौदा वर्षांची लेकरं खालच्या वजनगटात बसावीत म्हणून त्यांना पाणी बंद करतात, अंगात प्लास्टिक घालून उन्हात पळवतात. साहेब, १९९७ साली अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर अशाच पद्धतीनं वजन उतरवताना महिनाभरात मेले. त्यानंतर तिथं रबरी सूटवर बंदी आली, अंगातलं पाणी तपासूनच खेळाडूचं कमीत कमी वजन ठरवायचा नियम झाला. आपल्याकडं स्पर्धेच्या दिवशी काटा बघतात, पण त्या काट्यापर्यंत लेकरू कसं आलं हे कुणीच विचारत नाही.

कोचचंही तसंच आहे. जपान म्हणजे ज्युदोचं माहेर, पण तिथं १९८३ पासूनच्या तीसेक वर्षांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून जास्त मुलं दगावली, त्यात बरीचशी डोक्याला मार लागून. फ्रान्समध्ये ज्युदो शिकवायचा तर सरकारी डिप्लोमा लागतो, तसा कायदा त्यांनी १९५५ सालीच केला. अन् टोकियो, पॅरिस दोन्ही ऑलिंपिकला मिश्र सांघिक सुवर्ण फ्रान्सनंच नेलं, फायनलला समोर जपानच होता. आमच्याकडं ब्लॅक बेल्ट बांधला की माणूस क्लास काढतो. पडायचं कसं हे न शिकवता थेट थ्रो शिकवणारे मी बघितलेत. डोक्याला किक बसून चक्कर आलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी परत स्पारिंगला उभं करणारेही बघितलेत. ही माणसं वाईट नाहीत हो, त्यांना कुणी शिकवलंच नाही.

गुणवत्ता कमी आहे असं तर कुणी म्हणूच नये. आमच्याच जिल्ह्यातल्या पाटोद्याचे पैलवान राहुल आवारे, त्यांनी कुस्तीत २०१८ ला राष्ट्रकुलचं सुवर्ण अन् २०१९ ला जागतिक स्पर्धेत कांस्य आणलं. त्यांना घडवणारे हरिश्चंद्र बिराजदार मामा अन् काका पवार हे दोघंही आपल्या लातूरकडचेच. पैलवान मराठवाड्याचा, वस्ताद मराठवाड्याचे, पण तालीम पुण्याला. ज्याच्या बापाला पुण्याचा खर्च झेपत नाही त्याचा खेळ तिथंच थांबतो, अन् पोरींना तर घरचे तेवढ्या लांब पाठवतच नाहीत. शाळेत मुलींना तीन महिने स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण मिळतं, त्यात एखादी पोरगी खरंच चमकते, अन् चौथ्या महिन्यात तिला जायला जागा नसते.

म्हणून मागतो ते एवढंच. छत्रपती संभाजीनगरला साईचं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, तिथं दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्यासारख्या तालुक्याच्या कोचसाठी सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स ठेवा, राहायची सोय करा, फी परवडेल अशी ठेवा. चौदा, सतरा, एकोणीस या तिन्ही वयोगटांसाठी मराठीत लिहिलेला वर्षाचा प्लॅन काढा, अन् प्रत्येक खेळाडूची सरावाची, वजनाची, दुखापतीची वही ठेवणं कोचला बंधनकारक करा. प्रत्येक जिल्हा क्रीडा संकुलात इलेक्ट्रॉनिक चेस्ट गार्डचा निदान एक सेट द्या, कारण मोठ्या स्पर्धेत पॉइंट सेन्सर देतो अन् आमची पोरं तो पहिल्यांदा तिथंच अंगात घालतात, जोरात मारलेली किक मोजलीच का गेली नाही हे त्यांना कळतच नाही.

बाकीच्याला वेळ लागेल हे समजतं. पण चौदा वर्षांखालच्या लेकरांचं पाणी तोडून वजन उतरवण्यावर बंदी, अन् वजनाच्या वेळी डॉक्टरची तपासणी, एवढं तरी या वर्षीच्या स्पर्धेचं परिपत्रक निघेल त्यातच टाका. त्याला नवीन बजेट लागत नाही, तुमची सही लागते.

आपला,
केज तालुक्यातला एक तायक्वांदो कोच