झोळी नव्हे, वेळ चुकते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले काही आठवडे प्रसूतीआधीच खर्ची पडतात. त्यामुळे आई कामावर परतते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचे असते आणि दुपारी निजवायचे काम आजीकडे किंवा पाळणाघरातल्या ताईंकडे येते. ‘झोळीतून काढले की टक्क डोळे उघडतो’ ही तक्रार इथूनच सुरू होते. मग हलवणे वाढते, झोका उंच जातो. खरे तर बहुतेक वेळा निजवायची वेळ चुकलेली असते.

पहिल्या महिन्यात बाळ सलग पाऊण ते एक तासच जागे राहू शकते. दूध पाजणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे हे सगळे त्यातच आले. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ही मुदत सव्वा ते दोन तास होते, सहाव्यात दोन ते तीन. आकडे अंदाजाचे आहेत, खूण बाळच देते: नजर कुठेतरी खिळते, भुवयांपाशी लाली येते, हातपाय मंदावतात. डोळे चोळून रडू लागले म्हणजे उशीर झालाच. नेमके तेव्हाच कोणीतरी खुळखुळा वाजवून ‘बघा, झोप उडाली!’ म्हणते. झोप उडालेली नसते, बाळ शिणलेले असते, आणि शिणलेले बाळ निजवणे जास्त कठीण. ‘दिवसा जागवले की रात्री गाढ झोपेल’ हा हिशेब या वयात जुळत नाही.

मालिश-अंघोळीनंतरची सकाळची झोप सर्वांत सोपी. पण अंघोळ बाळ उठल्यावर अर्ध्या तासात सुरू व्हावी. पेंगुळलेल्या बाळाला पाण्यात घातले तर रडून घर डोक्यावर घेते. धुरी मात्र नकोच, धुराचा त्रास इवल्याशा फुप्फुसांना होतो.

खाली ठेवताच जाग का येते? पहिले तीन महिने बाळाची झोप चळवळ्या टप्प्याने सुरू होते: पापण्या थरथरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात. तेव्हा ठेवले की ते उठणारच. जपानच्या रिकेन संस्थेतील संशोधकांनी २०२२ मध्ये २१ बाळांवरची निरीक्षणे प्रसिद्ध केली. रडणाऱ्या बाळाला पाच मिनिटे कडेवर घेऊन चालायचे, झोपले की पाच ते आठ मिनिटे तसेच घेऊन बसायचे आणि मग ठेवायचे, हा त्यांचा सल्ला. बाळाच्या हृदयाचे ठोके पाठ गादीला टेकताना नव्हे, तर मोठ्या माणसाच्या अंगापासून सुटू लागतानाच बदलतात, असे त्यांना दिसले. म्हणून ठेवण्याआधी बाळाचा हात उचलून सोडून पाहावा. ओल्या फडक्यासारखा पडला तर ठेवायला हरकत नाही. आधी कुल्ले, मग पाठ, शेवटी डोके टेकवावे आणि तळहात मिनिटभर छातीवर राहू द्यावा.

दचकून उठणाऱ्या तान्ह्याला दुपट्ट्यात गुंडाळल्याने फरक पडतो. हात बांधलेले, पण कमरेखाली सैल, गुडघे दुमडून पाय फाकता आले पाहिजेत. कुशीवर वळायचा प्रयत्न दिसला की त्याच दिवशी गुंडाळणे बंद.

चाळीस मिनिटांत उठणे हे पाच महिन्यांपर्यंत सर्रास चालते, कारण झोपेचे एक आवर्तन साधारण तेवढेच असते. कुरकुर ऐकताच उचलू नका, दोन-तीन मिनिटे थांबा. झोक्यावरच निजणारे बाळ आवर्तन संपले की पुन्हा झोकाच मागते. म्हणून रजा संपायच्या महिनाभर आधी सकाळची एक झोप तरी बदलायला घ्यावी. पहिले तीन-चार दिवस डोळे जड होईतो हलवून थांबायचे, पुढचे तीन-चार दिवस नुसते थोपटायचे, मग थोपटणेही कमी. बाकीच्या झोपा तूर्त जशा आहेत तशा राहू द्याव्यात.

आता झोळीविषयी, कारण इथे जीवाचा प्रश्न आहे. झोळीच्या खोलगटीत हनुवटी छातीला टेकते. तान्ह्याची मान कमजोर, श्वासमार्ग अरुंद. त्यात बाजूचे कापड नाकाशी येते. वापरायचीच तर कोणी समोर बसलेले असावे आणि डोळा लागला की सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे ठेवावे. जवळ उशी, गोधडीचा ढीग, भरलेली खेळणी नकोत. मोहरीची उशीही नको. डोक्याचा आकार नीट राहायला बाळ जागे असताना, नजरेसमोर, पोटावर ठेवावे. गळ्यातला काळा दोरा काढावा. मोठ्या भावंडांनी टांगलेल्या साडीत गिरक्या घेतल्या तर तिचा गळफास होतो. काम झाले की साडी सोडून ठेवावी.

झोपेसाठी जायफळाचे वेढे उगाळून देणे अजूनही थांबलेले नाही. वेढ्याने मात्रा मोजता येत नाही, जास्त झाली तर विषबाधा होते. शिवाय सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच द्यायचे नसते. बाळ पाजायलाही उठत नसेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर ती ‘छान झोप’ नव्हे, लगेच दवाखाना गाठावा.

आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात गृहभेट देतात. आरोग्य विभागाने तिसऱ्या महिन्याच्या भेटीत बाळ झोपते ती जागा प्रत्यक्ष पाहणे सक्तीचे करावे, आणि त्या वेळी घरात आजी हजर असेल असे पाहावे. आईला सांगून उपयोग अर्धाच होतो. रजा संपल्यावर दुपारी ती घरी नसते.

— बालरोग विभागातील परिचारिका, सांगली