लेकरांच्या थेंबांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपले महिला मंडळ गावाला नवीन नाही. अंगणवाडीतला वजनकाटा मोडला तेव्हा सरकारी काट्याची वाट न पाहता नवा आणला तो मंडळानेच. किराणावाल्या शेठनी त्याचे अर्धे पैसे दिले, वर पावतीवर नाव नको म्हणाले. गिरणीवाले भाऊ बाळंतिणीच्या लाडवांचे दळण आजही फुकट दळून देतात. आणि आपल्या निवृत्त गुरुजींनी तर पेन्शनमधून ड जीवनसत्त्वाच्या थेंबांची पहिली पेटीच घेऊन दिली. ती पेटी आता संपत आली आहे.

ग्रामसभेत विषय काढला तर मागून आवाज आला, "ऊन तं गावभर सांडलं हाये, दवाई कायले पायजे?" सगळे हसले. पण बाळंतिणीची खोली आठवा: खिडकीला गोधडी, लेकरू दुपट्ट्यात गुंडाळलेलं. मे महिन्याच्या उन्हात तान्हं बाळ कोणी बाहेर काढत नाही, काढूही नये. पहिले सहा महिने आईचे दूध पुरते, वर पाणीही लागत नाही. मात्र ड जीवनसत्त्व त्यात फार थोडे उतरते. यात आईचा दोष नाही. म्हणून जन्मापासून वर्षाचे होईपर्यंत बाळाला रोज ४०० युनिट द्यावेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. नाहीतर मुडदुसाची भीती: मनगटे रुंद होतात, टाळू उशिरा भरते, लेकरू उभे राहू लागले की पाय वाकतात.

गेल्या पोळ्याला ग्रुपवर हाच निरोप टाकला होता. अंगठे भरपूर आले, डबा रिकामाच राहिला. तान्ह्या पोळ्याच्या बक्षिसांना मात्र वर्गणी कमी पडली नाही. पोळा व्हावाच, आमचीही नातवंडे नंदी मिरवतात. पण नंदी ओढायला पाय सरळ नकोत का?

आता कापसाचा चुकारा हाती येतो आहे. एका लेकराला महिन्याला एक बाटली, वर्षाला १२. मेडिकलवाले भाऊ खरेदीच्या भावात देणार आहेत. रक्कम शनिवारपर्यंत खजिनदार ताईंकडे, समाजमंदिरात, संध्याकाळी ५ नंतर. पावती घ्यावी. बाटली स्वतः आणणार असाल तर आधी विचारा. काहींत १ मिलिलिटरला ४०० युनिट असतात, काहींत ८००, आणि जास्त झालेही बाधते. मोठ्यांची ६०,००० युनिटची पुडी मुळीच आणू नये. मात्रा डॉक्टरच ठरवतील, ड्रॉपर कसा धरायचा ते आशाताई दाखवतील.

आपली,
सचिव, महिला मंडळ