झील देणारा आवाज

सान हुआन, पोर्तो रिको

तीर्थस्वरूप आबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मागं वाजत होतं ते गाणं ऐकून तुम्ही विचारलंत, "पोरगी पेट्रोल का मागतीया?" गोंगाटात नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

मी ऑफिसातल्या मैत्रिणीकडे होते, मार्केसिनात. मार्केसिना म्हणजे घराला लागून गाडी लावायची छपराची जागा. गाडी बाहेर काढायची, स्पीकर मांडायचे, की सगळी आळी नाचायला येते. रेगेटॉन, म्हणजे इथलं नाचाचं ठेकेबाज संगीत, अशाच जागी वाढला. ठेका मूळ जमैकाचा. स्पॅनिश बोल त्याला आधी पनामात मिळाले. मग इथल्या पोरांनी तो कॅसेटींवर भरून हातोहात पसरवला. १९९५ साली पोलिसांनी दुकानांवर छापे घालून त्या कॅसेटी जप्त केल्या, अश्लील म्हणून! तमाशाला नाकं मुरडणारे तुम्ही जन्मभर पाहिलेत, तुम्हाला मी काय सांगू.

ते गाणं 'गासोलिना', म्हणजे पेट्रोल, २००४ चं. गायक डॅडी यांकी, इथल्याच सरकारी वसाहतीत राहिलेला. खाली रस्त्यावर कुणीतरी पोरींना उद्देशून "गासोलिना" म्हणून ओरडलं, तो शब्द त्यानं उचलला. गाडीत बसून या पार्टीतून त्या पार्टीला जाणारी, रात्र संपूच नये असं वाटणारी मुलगी, एवढाच त्याचा अर्थ, असं तो सांगतो. लोक आणखी अर्थ काढतात. लावणीतूनही काढतातच की. संगीत बांधणारे दोघे डोमिनिकन, एके काळी हार्वर्ड विद्यापीठाच्या भोजनगृहात कामाला होते.

पण आबा, मला सांगायचंय ते त्या बाईच्या आवाजाबद्दल. यांकी म्हणतो, तिला गासोलिना आवडतं. लगेच बाई उत्तर देते, "दामे मास गासोलिना", अजून दे. त्या उत्तरावरच गाणं पेटतं. मार्केसिनात पुरुष यांकीची ओळ म्हणत होते आणि मैत्रिणीच्या म्हाताऱ्या आईसकट आम्ही सगळ्या बायका छप्पर उडेल अशा आवाजात जबाब देत होतो. माझा घसा अजून बसलेला आहे. तो आवाज ग्लोरी नावाच्या गायिकेचा. गाण्यावर तिचं नाव नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत हे गाणं घेतलं, रेगेटॉनमधलं पहिलंच. जगभर लोक तिचीच ओळ ओरडतात.

तेव्हा तुमचं बोलणं आठवलं: मागून सूर धरणारी झील पडली की शाहीर उघडा पडतो. तुमच्या पथकाच्या कॅसेटवर शाहिरांचं नाव आहे, फोटो आहे. झीलकऱ्यांची नावं नाहीत. पण 'जी जी रं जी' मधला सगळ्यात वरचा सूर तुमचा, हे मला लहानपणापासून ओळखू येतं.

दादाला सांगा, तुमची झील फोनवर रेकॉर्ड करून पाठव. एकट्याची. सुरुवातीला स्वतःचं नाव आणि गाव सांगा. इथं मैत्रिणीला ऐकवायचंय.

खोकल्याचं औषध वेळेवर घ्या. आईला नमस्कार.

तुमची,
माई